आधी गळती की आधी सूज? क्रोन्सच्या रुग्णांच्या १४२० नातेवाइकांचं प्रकरण

क्रोन्स डिसीज, म्हणजे आतड्याला वर्षानुवर्षं सूज आणणारा आजार, झालेल्या माणसाच्या आतड्याचं अस्तर गळकं असतं, ही गोष्ट पोटाच्या डॉक्टरांना कित्येक वर्षांपासून ठाऊक आहे. वाद होता तो क्रमाचा. सूज आल्यामुळे अस्तर गळायला लागतं, की अस्तर आधीपासूनच गळत असतं आणि त्यातून सूज येते? रुग्णाला कितीही तपासलं तरी याचं उत्तर मिळत नाही, कारण तो डॉक्टरांकडे येतो तेव्हा त्याच्या पोटात दोन्ही गोष्टी नांदत असतात. माणूस ठणठणीत असतानाच त्याला गाठायचं, त्याचं अस्तर किती गळतंय ते मोजून ठेवायचं आणि मग वर्षानुवर्षं वाट पाहायची, एवढा एकच मार्ग उरतो.

कॅनडातल्या एका प्रकल्पाने हे चिकाटीचं काम केलं. त्याचं नाव 'जेम'. जनुकं, पर्यावरण आणि सूक्ष्मजीव या तिन्हींचा एकत्र अभ्यास करायचा म्हणून इंग्रजी आद्याक्षरांवरून ठेवलेलं. २००८ साली तो सुरू झाला. नेतृत्व टोरांटोच्या माउंट सायनाय हॉस्पिटलमधल्या केनेथ क्रॉइटोरू यांचं. अस्तराच्या गळतीबद्दलचा त्यांचा निकाल २०२० साली प्रसिद्ध झाला. 'लीकी गट' (गळकं आतडं) हे शब्द आता मराठी रील्समध्येही ऐकू येतात आणि त्यांच्या आधाराने पावडरी, गोळ्या आणि महागड्या चाचण्या विकल्या जातात. ज्या कामावर हे सगळं उभं असल्याचं भासवलं जातं, ते काम प्रत्यक्षात काय सांगतं हे मराठीत नीट कुठे वाचायला मिळत नाही. म्हणून हे एकच प्रकरण मुळापासून मांडतो.

अस्तर म्हणजे नेमकं काय

आतड्याला दीर्घकाळ सूज आणणाऱ्या आजारांना आयबीडी म्हणतात. या नावाखाली मुख्यतः दोन आजार येतात. अल्सरेटिव्ह कोलायटिस फक्त मोठ्या आतड्यात होतो आणि त्याच्या आतल्या थरापुरता राहतो. क्रोन्स तोंडापासून गुदद्वारापर्यंत कुठेही होऊ शकतो, बहुधा लहान आतड्याच्या शेवटच्या भागात होतो आणि आतड्याच्या भिंतीची सगळी जाडी पोखरू शकतो. जेमचा अभ्यास क्रोन्सचा आहे, हे आत्ताच लक्षात ठेवलेलं बरं.

आतड्याचं अस्तर फक्त एका पेशीच्या जाडीचं असतं. पोटातलं अन्न, कोट्यवधी जिवाणू आणि त्यांचे विषारी अंश एका बाजूला, आपलं रक्त आणि प्रतिकारपेशी दुसऱ्या बाजूला, आणि मधे हा एकपेशी थर. त्यातल्या पेशी तीन ते पाच दिवसांत झडतात आणि नव्या येतात. पचनमार्गाच्या आतल्या बाजूचं क्षेत्रफळ टेनिसच्या मैदानाएवढं असतं असं जुन्या पुस्तकांत छापलेलं असायचं; २०१४ साली स्वीडनमध्ये झालेल्या नव्या मोजणीत ते साधारण ३२ चौरस मीटर भरलं. तरीही ते एखाद्या लहानशा फ्लॅटएवढं होतंच.

या थरावर चिकट श्लेष्म असतं. मोठ्या आतड्यात त्याचे दोन पदर असतात आणि पेशींना चिकटलेल्या आतल्या पदरात जिवाणू जवळजवळ नसतातच. गोथेनबर्गच्या संशोधकांनी २००८ साली हे उंदरांमध्ये दाखवून दिलं. हे श्लेष्म ज्या प्रथिनापासून बनतं ते प्रथिनच ज्या उंदरांमध्ये तयार होत नाही, त्यांना आपोआप कोलायटिस, म्हणजे मोठ्या आतड्याची सूज, होतो.

पण आपल्या प्रकरणात महत्त्वाच्या आहेत त्या शेजारशेजारच्या दोन पेशींमधल्या फटी. फरश्यांच्या सांध्यांत सिमेंट भरावं तशा या फटी प्रथिनांनी बुजवलेल्या असतात. त्यांना टाइट जंक्शन म्हणतात. मॅरिलिन फारकर आणि जॉर्ज पॅलेड यांनी १९६३ साली इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली त्यांचं वर्णन केलं. त्यातली प्रथिनं हाती लागायला मात्र आणखी तीस वर्षं गेली. जपानच्या शोइचिरो त्सुकिता यांच्या गटाला १९९३ साली ऑक्लुडिन सापडलं आणि १९९८ साली क्लॉडिन. ही प्रथिनं मुकाट पडून राहत नाहीत. जेवण झालं, संसर्ग झाला, प्रतिकारपेशींनी इशारा दिला की ती सांधे सैल करतात किंवा आवळतात. क्लॉडिनचा एक प्रकार, क्लॉडिन-२, तर सोडियम आणि पाणी जाऊ देणारी बारीक छिद्रंच तयार करतो. आयबीडीच्या सुजलेल्या आतड्यात त्याचं प्रमाण वाढलेलं दिसतं. जुलाबाचं एक कारण तिथे आहे.

सुजेच्या वेळी सुटणारं टीएनएफ नावाचं रसायनही हे सांधे सैल करतं. टीएनएफ रोखणारं इन्फ्लिक्सिमॅब क्रोन्सच्या रुग्णांना दिल्यावर अस्तराची गळती पूर्ववत होते, असं बेल्जियममध्ये २००२ साली दिसलं. म्हणजे सूज आली की गळती येते आणि सूज गेली की गळती जाते, हे सिद्धच आहे. उलट दिशेचं काय, हा खरा प्रश्न होता.

नातेवाइकांकडे वळलेली नजर

१९८६ साली हॉलंडर आणि सहकाऱ्यांनी अमेरिकेत क्रोन्सच्या रुग्णांबरोबर त्यांच्या निरोगी नातेवाइकांचीही गळती मोजली, आणि ती त्यांच्यातही वाढलेली निघाली. खळबळ उडाली. आजार नसताना गळती असेल तर ती वारशाने आलेली असणार आणि आजाराचं मूळ तिथेच असणार, असा तर्क पुढे आला. नंतर इतरांनी तेच मोजलं तेव्हा कुणाला तसंच सापडलं, कुणाला नाही.

मला यातला सर्वांत बोलका अभ्यास वाटतो तो स्वीडनमधल्या लिंकपिंगचा, १९९९ सालचा. त्यांनी रुग्णांच्या सख्ख्या नातेवाइकांबरोबर रुग्णांच्या पती-पत्नींनाही तपासलं. रक्ताचं नातं नसलेल्या या जोडीदारांची एरवीची गळती जास्त भरली. एका घरात राहणं, एका ताटातलं खाणं, एकमेकांचे जिवाणू वाटून घेणं, यातलं काहीतरी अस्तरावर परिणाम करत असणार. पण अॅस्पिरिन दिल्यावर चित्र पालटलं. अॅस्पिरिनने प्रत्येकाचंच अस्तर थोडं सैल होतं. रुग्ण आणि त्यांचे सख्खे नातेवाईक यांच्यात मात्र ते जोडीदारांपेक्षा जास्त सैल झालं. म्हणजे वारशाने येत असेल तर ती गळती नव्हे. धक्का बसला की अस्तर किती चटकन ढासळतं, ते वारशाने येत असावं.

२००० साली कॅनडातल्या हॅमिल्टनच्या डॉक्टरांनी एकाच व्यक्तीची नोंद प्रसिद्ध केली. घरात क्रोन्स, स्वतः निरोगी, चाचणीत गळती वाढलेली, आणि काही वर्षांनी त्या व्यक्तीला क्रोन्सचं निदान. गळती आधी आणि आजार नंतर, असा क्रम दिसला खरा, पण एकाच माणसात. एका माणसावरून काही ठरवता येत नाही. हजारो माणसं हवीत.

जेमने ती गोळा केली. क्रोन्सच्या रुग्णांची सख्खी भावंडं आणि मुलं, वय ६ ते ३५, पोटाची कसलीही तक्रार नसलेली. कॅनडाबरोबर अमेरिका, इस्रायल, ब्रिटन, स्वीडन, ऑस्ट्रेलिया आणि न्यूझीलंड इथूनही माणसं आली आणि एकूण संख्या ५ हजारांच्या वर गेली. रक्त, शौच आणि लघवीचे नमुने साठवले, खाण्यापिण्याच्या सवयी लिहून घेतल्या, आणि पुढे दरवर्षी विचारपूस.

एक पेला गोड पाणी

गळती मोजण्याची चाचणी इतकी साधी आहे की पहिल्यांदा वाचताना विश्वास बसत नाही. उपाशीपोटी दोन साखरा विरघळवलेलं पाणी प्यायचं आणि पुढच्या काही तासांची सगळी लघवी एका बाटलीत जमा करायची. एक साखर लॅक्टुलोज. बद्धकोष्ठावर सिरप म्हणून जे देतात तेच. दुसरी मॅनिटॉल, मेंदूची सूज उतरवायला आयसीयूत शिरेतून देतात ती. बहुतेक पद्धतींत लॅक्टुलोज ५ ग्रॅम आणि मॅनिटॉल त्याहून कमी असतं.

या दोनच का, तर माणसाच्या आतड्यातली पाचकद्रव्यं दोन्हींना पचवत नाहीत. अस्तरातून जेवढी पलीकडे जाईल तेवढी जवळपास जशीच्या तशी लघवीत उतरते. मॅनिटॉलचा रेणू लहान, तो बारीक छिद्रांतूनही जातो. लॅक्टुलोजचा रेणू जवळपास दुप्पट, तो सांधा सैल असेल तरच सटकतो. लघवीतल्या लॅक्टुलोजला मॅनिटॉलने भागलं की एक गुणोत्तर मिळतं. नुसतं लॅक्टुलोज मोजून भागत नाही, कारण कुणाचं जठर सावकाश रिकामं होतं, कुणाच्या किडन्या मंद असतात, कुणी थोडी लघवी बाटलीबाहेर घालवतो. हे फरक दोन्ही साखरांना सारखेच लागू होतात आणि भागाकारात निघून जातात. आदल्या दिवशी शुगरफ्री च्युइंगम खाल्लं असेल तर मात्र घोटाळा, कारण त्यात मॅनिटॉल असू शकतं.

एक मर्यादा या चाचणीत अंगभूतच आहे. मोठ्या आतड्यात पोचल्यावर जिवाणू या दोन्ही साखरा खाऊन टाकतात. त्यामुळे चाचणी सांगते ते लहान आतड्याबद्दल. क्रोन्ससाठी ती म्हणूनच योग्य, पण हेच निष्कर्ष अल्सरेटिव्ह कोलायटिसला चिकटवता येत नाहीत. इथे वाचणाऱ्यांपैकी अनेकांच्या घरात कोलायटिस असेल. त्यांनी पुढचे आकडे आपले समजू नयेत.

निकाल, आणि तो कसा वाचायचा

विश्लेषणात १४२० निरोगी नातेवाईक होते. गुणोत्तर ०.०३ च्या वर गेलं तर गळती वाढलेली धरली. मध्यक धरला तर (निम्म्यांवर याहून जास्त, निम्म्यांवर याहून कमी) ७.८ वर्षं त्यांच्यावर लक्ष ठेवलं गेलं, आणि तेवढ्या काळात ५० जणांना क्रोन्स झाला. ज्यांची गळती सुरुवातीला वाढलेली होती त्यांना तो होण्याचा धोका इतरांच्या ३.०३ पट निघाला. खऱ्या आकड्याची शक्य मर्यादा १.६४ ते ५.६३. चाचणी आणि निदान यांच्यात ३ वर्षांहून अधिक अंतर असलेल्यांपुरतं पाहिलं तरीही संबंध उरला. तिथे आकडा १.६२ होता आणि मर्यादा १.०५ ते २.५०.

हे शेवटचं वाक्य या सगळ्या प्रकरणाचा गाभा आहे. क्रोन्स एका दिवसात सुरू होत नाही. पोट दुखायला लागण्याआधी कित्येक महिने आतड्यात मूक सूज असू शकते, आणि ती सूजच गळती वाढवत असू शकते. म्हणून कुणीही शंका घेतली असती की तुम्ही निरोगी म्हणून घेतलेली माणसं आधीच आतून आजारी होती. तीन वर्षांची अट त्या शंकेला बऱ्यापैकी उत्तर देते. पूर्ण उत्तर देते असं मी म्हणणार नाही, १.०५ ही खालची मर्यादा १ ला (म्हणजे धोक्यात काहीच फरक नसण्याला) जवळजवळ टेकलेली आहे, आणि मूक सूज तीन वर्षांपेक्षा जास्त काळ राहू शकत नाही असं कुणी सिद्ध केलेलं नाही. पण आजार दिसण्याच्या बऱ्याच आधीपासून अस्तर बदललेलं असतं, एवढं मानायला आता भक्कम जागा आहे.

आता 'तिप्पट धोका' हा आकडा जाहिरातीत कसा वापरला जाईल ते डोळ्यांसमोर येतं, म्हणून गणित करूनच पाहू. १४२० पैकी ५० म्हणजे साडेतीन टक्के. गळती नसलेल्यांचं प्रमाण या सरासरीपेक्षा कमीच असणार. त्याच्या तिप्पट म्हणजे ढोबळमानाने फार तर साडेदहा टक्के. घरात क्रोन्स आहे, स्वतःची गळतीही वाढलेली आहे, अशा शंभर जणांत त्या काळात आजार होणारे साधारण दहाच्या आत राहतील. उरलेल्या नव्वद जणांचं अस्तर गळतंय आणि त्यांना काही झालेलं नाही. जी माणसं रुग्णांची नातेवाईकही नाहीत त्यांच्यासाठी तर हा अभ्यास काहीच सांगत नाही.

गळती पुरेशी नसते हे इतरत्रही दिसतं. शिकागोत जेरल्ड टर्नर यांच्या गटाने असे उंदीर तयार केले की ज्यांचे सांधे जन्मभर सैल राहतील. २००९ सालच्या त्या अहवालातले उंदीर नीट वाढले आणि त्यांना आपोआप कोलायटिस झाला नाही. मात्र कोलायटिस घडवून आणणाऱ्या प्रतिकारपेशी त्यांना दिल्यावर आजार लवकर आला आणि जोरात आला. आयएल-१० हे सूज आवरणारं प्रथिन नसलेल्या उंदरांमध्ये उलट दिसलं. त्यांच्यात गळती आधी येते, सूज नंतर. पण त्यांना जिवाणूविरहित पिंजऱ्यात वाढवलं की गळतीही येत नाही.

आणि माणसांतलं उदाहरण हवं असेल तर आफ्रिकेतल्या गांबियाकडे पाहावं. तिथल्या खेड्यांतल्या तान्ह्या मुलांची याच दोन साखरांची चाचणी १९९१ सालच्या अभ्यासात झाली. गळती खूप वाढलेली होती आणि मुलांची वाढ खुंटण्याशी तिचा थेट संबंध होता. अस्वच्छ पाणी, पुन्हा पुन्हा जुलाब, अपुरं अन्न. गळक्या अस्तरातून आपोआप क्रोन्स होत असता तर अशा गावांत तो घरोघरी दिसायला हवा होता. तिथे तो दुर्मिळ आहे, आणि श्रीमंत, स्वच्छ देशांत तो जास्त आहे. गळतीच्या जोडीला आणखी काय लागतं, जिवाणूंची कोणती ठेवण, प्रतिकारशक्तीचा कोणता स्वभाव, हे अजून उलगडायचंय. जेमच्याच २०१९ सालच्या विश्लेषणात गळतीशी जोडलेलं ठळक असं एकही जनुक सापडलं नाही, त्यामुळे घरातल्या समान वातावरणाकडे बोट दाखवणारा तो स्वीडनचा जुना निष्कर्ष मला आता अधिक वजनदार वाटतो.

गळती बुजवता येते का

आयएल-१० नसलेल्या उंदरांना सांधे आवळणारं एक औषध दिल्यावर त्यांचा कोलायटिस सौम्य झाला, असं कॅनडात २००९ साली दिसलं. त्याच औषधाचं, लॅराझोटाइडचं, पुढे माणसांवर मोठं परीक्षण झालं, पण ते सीलिअॅक या, गव्हातल्या ग्लूटेनमुळे होणाऱ्या आजारासाठी. २०२२ साली ते अर्ध्यावर थांबवावं लागलं. अंतरिम आकड्यांवरून फायदा सिद्ध होईल अशी आशा उरली नव्हती. सांधे आवळून क्रोन्स टाळता येतो असं माणसांमध्ये आजवर कुणी दाखवलेलं नाही.

बाजारात 'झोन्युलिन' नावाने गळतीची रक्तचाचणी मिळते. सांधे सैल करणारं हे प्रथिन मोजतो असा त्या किटचा दावा. स्वतंत्रपणे तपासल्यावर प्रचलित किट दुसरीच प्रथिनं मोजत असल्याचं २०१८ आणि २०१९ साली दाखवलं गेलं. तरी ती चाचणी अजून विकली जाते आणि तिच्या आकड्यावरून महिन्याची पावडर गळ्यात मारली जाते. याचा मला मनापासून राग येतो, कारण यात पैसे जातात ते बहुधा आधीच आजाराने गांजलेल्या घरांचे.

खरी उपयोगी दिशा मला जर्मनीतल्या एर्लांगनमध्ये दिसते. शिरेतून चमकणारा रंग सोडायचा आणि कोलोनोस्कोपच्या टोकावरच्या सूक्ष्मदर्शकातून अस्तर जिवंत पाहायचं. अस्तर धड असेल तर रंग पेशींखालीच राहतो. सांधा उसवला असेल तर दोन पेशींमधून त्याची चमकती रेघ आतड्याच्या पोकळीत झिरपताना दिसते. आजार शांत झालेल्या आयबीडीच्या रुग्णांना असं तपासल्यावर, पुढे कुणाचा आजार उलटेल हे या गळतीवरून जास्त चांगलं सांगता आलं. नुसत्या दुर्बिणीच्या तपासणीपेक्षा आणि बायोप्सीपेक्षाही. २०२३ सालच्या या अभ्यासात क्रोन्स आणि अल्सरेटिव्ह कोलायटिस दोन्हींचे रुग्ण होते. औषध कधी कमी करायचं हा रुग्णाला रोज छळणारा प्रश्न; त्याचं उत्तर पुढेमागे इथून मिळू शकेल. अजून ही तपासणी मोजक्या केंद्रांपुरतीच आहे.

जेमच्या देशांत भारत नाही. युरोपीय वंशाच्या रुग्णांत क्रोन्सशी जोडलेले एनओडी-२ या जनुकातले ठळक बदल भारतीय रुग्णांमध्ये जवळपास आढळतच नाहीत, आणि आपल्याकडचं पाणी, संसर्ग, खाणं सगळंच वेगळं. ०.०३ ही रेषा उचलून पुण्यातल्या किंवा नांदेडमधल्या निरोगी मुलाला लावता येणार नाही.

मग ज्याच्या बहिणीला किंवा आईला क्रोन्स आहे त्याने काय करावं? गळतीची चाचणी करू नये. तिच्या निकालावरून बदलावा असा कोणताच उपचार आज हातात नाही. सिगारेट ओढत असाल तर सोडा, क्रोन्सचा धोका वाढवणाऱ्या गोष्टींत तिचा पुरावा सर्वांत पक्का आहे. डोकं दुखलं की अॅस्पिरिन, आयबुप्रोफेन, डायक्लोफिनॅक अशा गोळ्या मनाने घेण्याची सवय असेल तर ती मोडा. अस्तर सैल करण्यात त्या पटाईत आहेत, आणि लिंकपिंगचे आकडे खरे धरले तर तुमच्या घरात जास्तच. जुलाब आठवड्यांमागून आठवडे चालले, वजन उतरलं, गुदद्वाराजवळ गळू किंवा भगंदर झालं, वाढत्या मुलाची उंची थांबली, तर शौचातलं कॅल्प्रोटेक्टिन ही चाचणी डॉक्टर आधी सांगतील. सूज खरोखर आहे का ते तिच्यावरून बऱ्यापैकी कळतं. आणि घरात क्रोन्स आहे हे पहिल्याच भेटीत सांगा. आपल्याकडे लहान आतड्याच्या टोकाला जखमा दिसल्या की डॉक्टरांच्या मनात आधी टीबी येतो, आणि ते बरोबरच आहे, कारण दोन्ही आजार दुर्बिणीतून जुळ्यांसारखे दिसतात. कुटुंबातल्या आजाराची माहिती हाताशी असेल तर बायोप्सीत काय शोधायचं आणि टीबीची औषधं सुरू केल्यावर किती दिवसांनी पुन्हा तपासायचं, हे पहिल्यापासून वेगळ्या नजरेने ठरवता येतं.